तो फोटो छापायचा नाही

नंदाताई, सगळ्यांना तुझा तोच एक फोटो हवाय.

परवा स्नेहलताईचा फोन आला. मंडळाच्या दिवाळी अंकात तुझ्यासाठी एक पान ठेवलंय म्हणे. "सारिका, तू तिच्या सगळ्यात जवळची, तूच लिही. चारशे शब्द. आणि जरा पॉझिटिव्ह ठेव हं, दिवाळी आहे." मी म्हटलं, मी नववीतून शाळा सुटलेली बाई, मला कुठलं आलंय लिहायला. तर म्हणाली, "अगं, मनातलं लिही तू. बाकी मी नीट करते. आणि फोटो तिच्या डीपीचा घेऊ. काय गोड दिसते त्यात, नाही?"

म्हणून मनातलं लिहितेय. ते चारशेत मावणार नाही आणि ते कुणी नीटही करायचं नाही. संपादक म्हणून जिचं नाव अंकात येतं तिनं यातला एक शब्द जरी कापला, तर हे सगळं मी मंडळाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकणार आहे. तिथं अंकापेक्षा जास्त लोक वाचतात.

तू गेलीस त्याला आज सत्ताविसावा दिवस. त्यातले फार तर चार दिवस मी रडले असेन. बाकीचे दिवस दात खातेय. झोपेतसुद्धा, असं विनोद, माझा नवरा, सांगतो. मला सूड हवाय ताई. माझ्यासारख्या घाबरट बाईनं असं लिहावं याचं तुला हसू येईल. गाडीत बसल्यावर मी सीटबेल्ट तीनदा ओढून बघते, घरातून निघताना गॅस दोनदा, आणि तू म्हणायचीस, "सारे, एकदा बघ की विश्वास ठेव." आता बघायला सांगणारी गेली आणि विश्वास पण गेला.

तो फोटो ब्रेटनं कामावरच्या वॉर्म रूममध्ये, ऊब घ्यायच्या खोलीत, काढलेला. हूड मागे टाकलेला, गालाची हाडं वर आलेली, गळ्याशी दोन खड्डे, सूट खांद्यावरून घसरतोय आणि तू अंगठा वर करून हसतेयस. खाली मोठ्या अक्षरात 'फ्रीजर फिट', विनर. लंचरूमच्या भिंतीवर लागला, मग तू तो डीपीला लावलास, आणि मंडळाच्या ग्रुपवर त्याला किती बदाम आले ते मी बघितलं. त्या फोटोनंतर तू तीन आठवडे जगलीस.

मंडळातल्या बायकांना एवढंच माहीत की आपण वेअरहाऊसमध्ये आहोत. खोकी उचलतात, असं काहीतरी. तू कधी सांगितलं नाहीस, तर मी सांगते. आपण राहतो त्या पॉइंट कुकहून फ्रीवेनं वीस मिनिटं गेलं की मैदानाएवढा एक फ्रीज. वाटाणे, चिकन, मासे, आइस्क्रीम आणि मायनस बावीस. जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळत असतं आणि आत मायनस बावीस. पहिल्या दिवशी आत पाय टाकला तेव्हा माझ्या नाकातले केस कडक झाले, पापण्या चिकटायला लागल्या. कानातल्या यंत्रातून एक बाई इंग्लिशमध्ये रॅकचे नंबर सांगत होती आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. ऊब यावी म्हणून मी पळायला लागले.

"ए बाई, पळतेस काय?" मागून मराठी.

मी वळले तर निळ्या सूटात एक गोल गोल बाई. नुसते डोळे दिसत होते, आणि तेही हसत होते.

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी?"

"आत आल्यापासून 'आई गं, आई गं' करतेयस. आता ऐक. पळायचं नाही. पळालीस की घाम येतो, घाम कपड्यात गार पडतो, मग मायनस बावीस थेट हाडात. हळू चालायचं, पण थांबायचं नाही. आणि ते दोन मोजे काढ, पाय आवळलेत. एकच घाल, लोकरीचा."

तीन वर्षं मी तुझ्या त्या एका दिवसावर जगले. तू मला कपडे घालायला शिकवलंस आणि सकाळी काय खायचं ते शिकवलंस. भात नाही, झोप येते. बाजरीची भाकरी, वर तूप, आणि सूटाच्या आतल्या खिशात शेंगदाण्याचा लाडू, बाहेरच्या खिशात ठेवला तर दगड होतो. तू मला रॅकचे नंबर शिकवलेस. पहिला महिनाभर माझी यादी अर्धी राहायची, मी वॉर्म रूममध्ये बोटं चोळत बसायचे आणि तू आत जाऊन माझी खोकी आणायचीस. मंडळात नेलंस तेव्हा बायकांनी विचारलं, सारिका काय करते, कुठल्या कॉलेजची? मी खाली बघत होते. तू म्हणालीस, "ही माझी धाकटी बहीण," आणि विषय संपला. हे उपकार मी विसरणार नाही. आणि उपकार आहेत म्हणूनच राग एवढा आहे.

वजनाचं पण तूच शिकवलंस. नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला वाटतं की इथं आपण बारीक होणार. थंडीत अंग आतून जाळ करतं, चरबी जळते, असं फोनवर व्हिडिओत सांगतात. मलाही वाटलं. पहिल्या वर्षात माझं वजन नऊ किलो वाढलं. तू पोट धरून हसलीस.

"अगं, जाळ करतं ना, मग लाकडं नको का? अंग एक घास जाळतं आणि तीन मागतं. आणि सहा किलोचा सूट घालून दिवसभर चाललीस, गुडघे आखडले, बोटांत जोर नाही, घरी गेल्यावर कोण जातंय जिमला? सोफा आणि रजई. वर शिफ्टभर गरम चहा, त्यात साखर. अकरा वर्षं आहे मी इथं. फ्रीजरमध्ये कोणी बारीक होत नाही, सारे."

हे वाक्य तुझं आहे. तुझ्या तोंडचं. मी रोज सकाळी ते ऐकते.

आणि तो श्रीलंकेचा दिलान आठव. गेल्या वर्षी बेल्टला नवी भोकं पाडत होता आणि सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते, लुकिंग फिट, मेट. तू एकटीच त्याच्याकडे बघत राहिलीस. मला म्हणालीस, "हा इथं राहून बारीक होतोय, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय." ब्रेकमध्ये त्याचा फोन हातातून घेतलास आणि जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट लावून दिलीस. थायरॉइड निघाला. आज तो गोळी खातो, पोट सुटलंय, मजेत आहे. तुझ्या फ्युनरलला सगळ्यात मागं उभा राहून तो इतका रडला की तुझी लेक रिया त्याला पाणी द्यायला गेली.

त्याच्याकडे बघणारी तू होतीस. तुझ्याकडे बघणारं कोण होतं? मी.

जूनमध्ये ब्रेटनं ते काढलं, फ्रीजर फिट. ब्रेट म्हणजे आपला टीम लीडर, हीटरच्या केबिनमध्ये शॉर्टवर बसणारा. दर शुक्रवारी सूट आणि बूट काढून पॅलेटच्या काट्यावर उभं राहायचं. माल मोजायचा तो जमिनीतला काटा, त्यावर आपण माणसं. ज्याचं वजन जास्त उतरेल तो विनर. तू पहिल्यांदा नको म्हणालीस. मग चढलीस, आणि आकडा तुझ्या अंदाजापेक्षा खाली. पुढच्या शुक्रवारी अजून कमी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "अरे, मी काहीच केलं नाही."

ताई, तू तीन वेळा तरी तसं म्हणालीस. मी काहीच केलं नाही. आम्हाला वाटलं नम्रपणा.

भूक तर तुला भयंकर लागायची. डबे दोन होते, मग तीन झाले. आपल्यात सगळ्यांना लागते, फ्रीजर आहे. तहान लागायची, दोन लिटरची बाटली लंचपर्यंत संपायची. आतली हवा कोरडी असते, सगळेच पितात. टॉयलेटला सारखं जायचीस, सहा चेनी उघडून, सहा चेनी लावून. गारठ्यात सगळ्यांनाच लागते. ब्रेट ओरडायचा, "नंदा, यू लिव्ह इन द डनी ऑर वॉट?", म्हणजे संडासातच राहतेस का, आणि आम्ही हसायचो. तूही. बोटांना मुंग्या यायच्या, फ्रीजर. संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या पाट्या पुसट दिसायच्या, तू म्हणायचीस दमले गं. एवढ्या गोष्टी, आणि प्रत्येकीला आपल्याकडे उत्तर तयार होतं. बाहेर काम करणाऱ्या बाईला यातल्या दोन झाल्या असत्या तरी ती डॉक्टरकडे पळाली असती. आपण मायनस बावीसमध्ये होतो, म्हणून आपल्याला सगळं नॉर्मल वाटलं.

एकदा तू माझी चेन लावायला वाकलीस तेव्हा तुझ्या श्वासाला वास आला. फार पिकलेल्या केळ्यासारखा, त्यात थोडं नेलपॉलिश. मी म्हटलं, "ताई, सेंट बदललंस का?" तू म्हणालीस, "आपल्याला कुठलं सेंट, मासे आणि वाटाणे." एवढंच बोलणं झालं. पुढच्या दाराशी गेलो आणि आत शिरलो.

मग गणपती आले. मंडळाच्या हॉलमध्ये तू शिरलीस आणि बायका तुझ्याभोवती गोळा झाल्या. तुझं जुनं ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं, मी स्वतः टाके घातले होते.

"नंदा! तूच का ही?"

"काय केलंस सांग ना. किटो?"

"सोळा-आठचे उपास करतेस का?"

तू म्हणालीस, "फ्रीजर डाएट. मायनस बावीस. या माझ्याबरोबर, सकाळी पाच वाजता पिकअप करते." हॉल हसला. स्नेहलताईनं तुझ्या कमरेला हात लावून बघितला. हीच स्नेहलताई दर वर्षी पंगतीत वाढताना म्हणायची, "नंदा, दोन मोदक बस झाले हं तुला." सगळ्यांसमोर. तू हसून ताट पुढं करायचीस आणि नंतर गाडीत बराच वेळ बोलायची नाहीस. या वर्षी तिनं तुला सहा वाढले. तू सहाही खाल्लेस, मग बाहेरच्या नळाला तोंड लावून पाणी प्यालीस. मी बघितलं. स्नेहलताई, तुम्ही पण बघितलं. तुम्ही म्हणालात, "बघा, खाऊन पण अशी राहते. नशीबवान."

मला या सगळ्यांचा राग येतो. आणि ताई, तुझा पण येतो, आता लपवून काय करू. दिलानला तू ओळखलंस. मग स्वतःच्या वेळेला तुझं ते वाक्य कुठं गेलं? तुला ते आवडायला लागलं होतं. कमरेवरचा हात, बदाम, भिंतीवरचा फोटो. आयुष्यभर जाडी म्हणून ऐकलं आणि पहिल्यांदा कुणी कौतुकानं बघितलं, तर तू डॉक्टरला कशाला विचारशील. मला कळतं गं. म्हणूनच संताप येतो.

गणपतीनंतरच्या शुक्रवारी मी म्हटलं होतं. आठव. वॉर्म रूममध्ये तू माझ्या डब्यातली भाकरी पण खाल्लीस आणि तरी तुझं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी म्हटलं, "ताई, बास आता. मला हे बरं दिसत नाही. एकदा दाखवून ये."

तू हात काढून घेतलास. "तुला जळतंय का गं? तुझे नऊ किलो वाढले म्हणून?"

दिलान समोर होता, पिनल होती, ती नवीन गुजराती मुलगी. सगळ्यांना मराठी कळत नसलं तरी तो सूर कळला. मी उठून आत गेले. घरी बसने आले, दोन बस बदलून. सोमवारी तुझ्या गाडीत बसले नाही. मंगळवारी तू कामावर आलीच नाहीस, पोटाचं निमित्त कळवलं होतंस, उलट्या होतात म्हणून. मी मनात म्हटलं, बरं झालं, दोन दिवस पडू दे घरात.

हे मी मनात म्हटलं होतं. हे स्नेहलताईनं कापू नये.

बुधवारी रियाचा फोन. "मावशी, मम्स ब्रीदिंग वीअर्ड." मी पोचले तोवर अँब्युलन्स दारात होती. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर आली, रियाला खुर्चीत बसवलं आणि मला विचारायला लागली. वजन कमी झालं होतं का? मी म्हटलं, हो, पण ती फ्रीजरमध्ये काम करते. तहान फार लागायची? हो, पण ती फ्रीजरमध्ये काम करते. लघवीला सारखं? हो, पण फ्रीजर. चौथा प्रश्न तिनं विचारला आणि मी तोंड उघडलं, आणि तेच वाक्य बाहेर यायच्या आधी मला कळलं. डॉक्टरनं हातातला कागद खाली केला. तुझी शुगर इतकी होती की बोटावरच्या मशीनला ती वाचता येईना. किती महिने चढत होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. शुक्रवारी, बरोबर वजनाच्या दिवशी, तू गेलीस. पुन्हा शुद्धीवर आलीच नाहीस, म्हणून भांडण तिथंच राहिलं.

तर उत्तर आता देते. हो ताई, मला जळत होतं. तू बारीक होत होतीस आणि मी सूटाची साइझ बदलून मागत होते. मी "दाखवून ये" म्हटलं ते काळजीनं म्हटलं, पण त्या काळजीत जळणं पण होतं, आणि तुला तेच आधी ऐकू आलं. नुसती काळजी असती तर मी तुझा फोन हातातून घेतला असता, तू दिलानचा घेतलास तसा.

फ्युनरलनंतर कामावर गेले तर लंचरूममध्ये तो फोटो तसाच. खाली कुणीतरी चिकटपट्टीनं प्लॅस्टिकचं फूल लावलेलं. आणि शेजारी नवीन कागद, समर चॅलेंज, या शुक्रवारपासून. पिनल फोटोकडे बघत डबा खात होती. अर्धाच खाल्ला आणि झाकण लावलं.

"का गं?"

"दीदी, मुझे भी नंदादीदी जैसा होना है. तीन महिने में इतना!"

मी ब्रेटच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, फोटो काढ. तो खरंच दुःखी चेहरा करून म्हणाला, "इट्स अ ट्रिब्यूट, मेट. शी वॉज ॲट हर बेस्ट." मी म्हटलं, नो बेस्ट, सिक. तो म्हणाला की हेड ऑफिसनं छापून पाठवलंय, तो बघेल, नो वरीज. आणि खुर्ची वळवली.

घरी विनोद म्हणाला, "सारे, जरा दमानं घे. तू कॅज्युअल आहेस. शिफ्टचा मेसेज यायचा बंद झाला की संपलं. इथं कायम राहायचं माझं पीआर अजून अडकलंय." बरोबरच होतं त्याचं. तो ट्रक दुरुस्त करतो दिवसभर, त्याला कुठं काय सुटलं की काय पडतं ते माहीत असतं. मी रात्रभर हो म्हणत राहिले. सकाळी त्याच्याच हाती केमिस्टकडून शुगरची मशीन मागवली, सुयांचा मोठा डबा घेऊन. त्यानं काही न विचारता आणून दिली.

शुक्रवारी सगळे काट्यापाशी जमले. ब्रेट पाटी घेऊन. मी आधी जाऊन काट्यावर उभी राहिले, सूटासकट, बुटांसकट, आणि खाली उतरले नाही. तुला माझं इंग्लिश माहीत आहे. मी म्हटलं, "नंदा हंग्री, एव्हरीबडी से फ्रीजर. नंदा थर्स्टी, फ्रीजर. नंदा टॉयलेट, एव्हरीबडी लाफ. नंदा थिन, एव्हरीबडी क्लॅप. नाऊ फिंगर."

मग दिलाननं हातमोजा काढला. मी म्हटलं, नॉट यू. ब्रेटकडे बघितलं. "यू फर्स्ट."

तो पंधरा जणांसमोर पुढं आला. त्याचा हात गरम होता ताई. आपल्यात इतका गरम हात कुणाचा नसतो. मी सुई जरा जोरात मारली, गरज नव्हती. पाच पॉइंट सहा आलं, आपल्या तिकडच्या मोजणीत शंभर. नॉर्मल.

मी खोटं बोलणार नाही, मला तो आकडा वीसच्या वर हवा होता. त्याच्या हातात विनरचा तोच कागद हवा होता, त्यालाही कुणीतरी भिंतीवर लावायला हवं होतं. आकडा बघून मला चक्क वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, "वॉट वॉज हर्स?" मी म्हटलं, मशीन कांट रीड. तो काट्याकडे बघत राहिला.

मग एकेकानं बोटं दिली. पिनलचा हात बर्फ झालेला, रक्त येईना, मी काखेत धरायला लावला, तू मला लावायचीस तसा. सगळे नॉर्मल निघाले. वजन त्या दिवशी कुणाचंच झालं नाही. मी लंचरूममध्ये गेले आणि फोटो काढायला लागले, पण वरच्या दोन पिनांना माझा हात पुरेना. त्या ब्रेटनं काढल्या. मला ते अजिबात आवडलं नाही. त्याला माफ करावं लागेल असं काही त्यानं त्या दिवशी करायला नको होतं. मी थँक यू म्हटलं नाही.

या आठवड्यात मला दोनच शिफ्ट आल्यात. सीझन कमी आहे की तो हिशेब आहे, माहीत नाही. फोन उशाशी घेऊन झोपते. भीती वाटते, पण एक सांगू, फोटो काढताना नाही वाटली.

राहिला मंडळाचा फोटो. त्यासाठी मी रियाकडे गेले, कारण शेवटी आई तिची. ती तुझ्या पलंगावर तुझा फ्रीजरचा लोकरी मोजा हातात घालून बसली होती. मी म्हटलं, डीपीचा फोटो नको देऊया का?

"शी लव्ड दॅट वन, मावशी. शी सेड शी लुक्ड लाइक बिफोर शी हॅड मी."

माझा सगळा राग तिथं जरा अडखळला. तुझा तो आनंद खरा होता, एवढं मला मान्य करायला लागलं. मग मी माझ्या फोनमधला दुसरा फोटो दाखवला. गेल्या वर्षीचा. तू वॉर्म रूममध्ये उलट्या क्रेटवर बसलीयस, सूट पोटावर ताणलेला, दोन्ही गाल लाडवानं फुगलेले, एक हात कॅमेऱ्यावर आडवा. मी क्लिक केलं तेव्हा तू ओरडत होतीस, "काढू नकोस गं सारे, खातेय मी."

रियानं फोटो मोठा करून बघितला. आधी हसली. मग म्हणाली, "दॅट्स मम." आणि मोज्यातल्या हातानं डोळे पुसले.

स्नेहलताईला मी तोच पाठवला. लगेच फोन आला. "अगं सारिका, हा कसा छापायचा? तोंडात घास आहे. डोळे मिटलेत. तिला स्वतःला आवडला असता का?"

"नसता."

"मग?"

"मग तोच छापायचा," मी म्हटलं. "त्यात ती बरी आहे."

मग स्नेहलताई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मी तिला सहा वाढले होते गं."

"हो," मी म्हटलं. "मी मोजले होते." आणि फोन ठेवला.

तिला धीर द्यायला हवा होता, तू दिला असतास. मी दिला नाही ताई. एवढा सूड मला घेऊ दे. अंक आला की पहिलं हे पान उघडून बघणार आहे. चारशे शब्दांचे किती झालेत ते नाही बघणार. तुझे गाल भरलेले आहेत ना, तेवढं बघेन.